नांगर न लागलेलं धान

दसरा सरला की गोंदियाला लागून असलेल्या आमच्या फुलचूरच्या वस्तीत संध्याकाळी एक वास येतो. वस्ती आता बरीच पसरली आहे, प्लॉट पडले, सिमेंटच्या नाल्या झाल्या, तरी शेवटच्या घरांच्या मागं अजून धानाच्या बांधी, म्हणजे बांधांनी आखलेली छोटी शेतं, आहेत. धान निसवून, दूध भरून पिवळं पडू लागलं की ओल्या गवताचा आणि भाताच्या पेजेचा मिळून होतो तसला तो वास. मी गच्चीवर वाळलेले कपडे काढायला जाते आणि कपडे हातात घेऊन तशीच उभी राहते.

परवाही तशीच उभी होते. खाली अंगणात शिकवणीची मुलं बसली होती आणि एक मुलगी इतिहासाचा धडा मोठ्यानं वाचत होती. आधी माणूस शिकार करत होता, फळं-कंद गोळा करत होता, मग त्याला शेतीचा शोध लागला. शोध लागला, म्हणजे जणू वाटेनं जाता जाता पायाला काहीतरी अडखळलं, उचलून पाहिलं, तर शेती. मुलगी पुढं वाचत गेली. गावं वसली, कोठारं भरली, नद्यांच्या काठी नगरं उभी राहिली. अर्ध्या पानात सगळं आटोपलं. मला मात्र त्या अर्ध्या पानाच्या आत कुठंतरी दुलारीताई दिसत होती, कमरेएवढ्या पाण्यात उभी, पदर डोक्याला गुंडाळलेला, हातात गवताच्या लोंब्या.

दुलारीताई माझी मोठी जाऊ. आमचं सासर तिरोड्याकडच्या एका खेड्यात. मी गोंदिया शहरात हिंदी बोलत वाढलेली. ती डोंगरगडच्या पलीकडची, छत्तीसगडी बोलणारी. आमच्या सोयरिकी दोन्हीकडं होतात. मी लग्न होऊन आले त्याआधीच सासूबाई गेलेल्या होत्या. घरात मोठं माणूस म्हणजे सासरे. त्यांना आम्ही मामाजी म्हणायचो. गावामागचा मोठा तलाव त्यांच्या पूर्वजांनी बांधला असं सगळं गाव सांगे. मामाजी स्वतः कधी सांगत नसत. पण रोज सकाळी ते तलावाच्या पाळीवरून, म्हणजे त्या जुन्या मातीच्या बांधावरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जात. खेकड्यानं कुठं भोक पाडलेलं दिसलं की तिथंच बसून मूठभर चिखल कोंबत, तळव्यानं थोपटत, आणि मगच पुढं जात. लहान मुलाला निजवतात तसं थोपटणं होतं ते.

एका वर्षी उन्हाळ्यात दुलारीताईची आई वारली. ताई आईला दाई म्हणायची. दरवर्षी श्रावणाच्या सुरुवातीला दाईकडून एक कापडी पुरचुंडी यायची. तिच्यात मूठ-दोन मुठी लालसर तांदूळ असायचे. त्याला ती पसहर म्हणायची. तिच्या माहेरी श्रावण वद्य षष्ठीला कमरछठ नावाचा उपास असतो, आया लेकरांसाठी धरतात. त्या दिवशी नांगरलेल्या जमिनीत पिकलेलं काही खायचं नाही, नांगरटीत पाऊलसुद्धा टाकायचं नाही. आपोआप उगवलेलं तेवढंच चालतं. रानातल्या भाज्या, म्हशीचं दही, आणि उथळ पाण्यात कोणी न पेरता येणारं हे रानटी धान. आमच्या गावात हा उपास कोणी करत नव्हतं. ताई एकटीच करायची, तिच्या लेकीसाठी, मीनूसाठी.

मला तेव्हा तो उपास म्हणजे माहेरची एक हौस वाटायची. आता वाटतं, नांगर येण्याआधीचे दिवस कोणी कुठं लिहून ठेवले नाहीत, पण बायकांनी वर्षातला एक दिवस त्यांच्यासाठी राखून ठेवला. त्या दिवशी त्या सगळी शेती बाजूला ठेवतात आणि पूर्वी माणसं जशी जेवत होती तशा जेवतात.

त्या श्रावणात पुरचुंडी आली नाही. ताईनं डब्याच्या तळाशी उरलेले आदल्या वर्षीचे दाणे शिजवले. तिच्या भावानं फोनवर सांगितलं की बाजारात विकत मिळतं, पुढच्या वर्षी घेऊन पाठवतो. ताई म्हणाली, "विकतचं नको रे. दाई आपल्या हातानं झोडून आनायची." आणि डबा धुऊन पालथा घातला.

मग आश्विन आला. दिवाळीच्या आधी गोधड्या धुवायला आम्ही दोघी तलावावर गेलो होतो. पाऊस थांबून आठवडाभर झाला असेल. पाण्यावर कमळाची पानं, पलीकडं शिंगाड्याचे वेल, आणि फार दूर वीज प्रकल्पाच्या उंच धुराड्यांतून निघालेला पांढरा धूर. मी गोधडी आपटत होते. ताईचा हात थांबला होता. ती तलावाच्या उथळ कोपऱ्याकडं बघत होती. मला तिथं नुसतं उंच गवत दिसत होतं.

"ए तो पसहर आय," ती म्हणाली. हे तर पसहर आहे. इतकी वर्षं या घरात राहिली, पण त्या क्षणी तिच्या तोंडून माहेरचीच बोली आली.

आम्ही जवळ गेलो. पानं अगदी धानासारखी, पण उंची जास्त, आणि लोंबीच्या एकेका दाण्याला लांबच लांब लालसर कुसळ. तेवढ्यात कौसाबाई आपला डोंगा वल्हवत काठाशी आली. तिचं घर ढिवरांचं, तलावातली मासेमारी तिच्याच घरची. आम्ही काय पाहतोय ते पाहून ती हसली.

"देवधान आहे बाई ते. आमी खीर करून खातो कधी कधी. पन ते कोनाची वाट पाहत नाही. पिकलं का झडलं. हात लागला का पान्यात."

"माही दाई आधीच बांधून ठेवायची," दुलारीताई म्हणाली. "दूध भरलं का चार-चार लोंब्या एकमेकीले बांधायच्या. मग झडत नाही सगळं."

"मंग बांधू," कौसाबाई म्हणाली. "अर्धं तुमचं, अर्धं माहं."

एवढ्या सहज ते ठरलं. घरी मात्र सहज नव्हतं.

धान पिकवणाऱ्या घरात रानटी धान हा वैरी असतो, हे मला त्या दिवशी जेवताना कळलं. पऱ्हे, म्हणजे कोवळी रोपं, असताना ते अगदी आपल्या धानासारखं दिसतं, ओळखू येत नाही. ओळखू येतं तेव्हा लोंब आलेली असते, आणि कापणीच्या आधीच ते आपले दाणे चिखलात टाकून मोकळं होतं. पुढच्या वर्षी बांधीत तेच दुप्पट उगवतं. मामाजींचे अर्धे पावसाळे ते उपटण्यात गेले होते. ताईनं भीत भीत विषय काढला तेव्हा त्यांनी घास ताटात ठेवला.

"जे गवत मी जल्मभर उपडून फेकलं, ते माह्या घरची सून टोपल्यात भरून आननार?"

"बांधीतलं नाही, मामाजी. तलावातलं."

"घरात कोठ्या भरून धान आहे. अन् तू पान्यात उतरून गवत झोडून राहिली, हे लोक पाहतील. काय म्हनतील?"

 ताई खाली बघूनच म्हणाली, "तुमचं सगळं धान नांगराचं आहे, मामाजी. मले त्या दिवशी ते चालत नाही. दाई होती तं काई सवाल नव्हता."

मामाजी ताटावरून उठले. हो म्हणाले नाहीत, नको म्हणाले नाहीत. हात धुऊन बाहेर गेले. आमच्या घरात त्यांचा शब्द मोडायची रीत नव्हती, पण त्यांनी शब्द दिलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई निघाली. मी तिच्यासोबत गेले. का गेले हे तेव्हा मला सांगता आलं नसतं. तिला एकटीला जाऊ द्यावंसं वाटलं नाही, एवढंच.

त्या सकाळची थंडी अजून पोटऱ्यांना आठवते. पायाखाली मऊ चिखल, आणि मला जळवांची भीती. पण थोड्या वेळानं भीती कुठं गेली कळलं नाही. दव पडून कुसळं मऊ झाली होती, टोचत नव्हती. ताई हाताच्या कवेत चार लोंब्या ओढून घ्यायची, त्यांच्याच पात्यानं गुंडाळायची, सोडायची, पुढं सरकायची. मी तिचं बघून करत होते. कौसाबाई डोंग्यात बसून खोल पाण्याच्या बाजूनं येत होती. जिथं दाणे आधीच पिकले होते तिथं आमचा धक्का लागताच ते पाण्यात पडायचे. फार हलका आवाज व्हायचा. एखाद्या झाडावरून दव गळावं तसा.

मी रोवणी केली आहे, कापणी केली आहे. शेतात कामाला ओळ असते. पुढची बाई सरकली की आपण सरकायचं, बांधी संपली की पुढची बांधी. इथं ओळ नव्हती. नजर फिरवायची, जिथं लोंब तयार दिसेल तिथं जायचं, नसेल तर सोडून द्यायचं. कोणाची हद्द नाही, कोणी आधी काय पेरलं याचा हिशेब नाही. शरीर वेगळ्याच लयीत चालत होतं, आणि ती लय मला शिकावी लागली नाही. किती पिढ्या बायका अशाच उथळ पाण्यातून फिरल्या असतील. नागझिऱ्याचं जंगल तेव्हा इथपर्यंत असेल. गाव नसेल, तलाव नसेल, पावसाचं पाणी नुसतं खोलगट जागी साचत असेल. त्यात हे गवत, आणि त्यात लेकरू पाठीला बांधलेली कोणीतरी. तिला भूक होती आणि डोळे होते. बाकी काहीच नव्हतं.

लोंब्या बांधून झाल्या आणि पिकायची वाट बघायची होती, तोच आभाळ आलं. परतीचा पाऊस, सोबत वारा. आमच्याकडं कापणीच्या तोंडावर असा पाऊस म्हणजे घरातल्या सगळ्यांचा जीव टांगणीला. पिवळं झालेलं धान बांधीत आडवं झालं, लोंब्या पाण्यात बुडाल्या. बुडाल्या की दाण्याला कोंब फुटतो. पाऊस चालू असतानाच आम्ही सगळे शेतात होतो. पुरुष बांध फोडून पाणी काढत होते, आम्ही आडवं धान उचलून चार-चार ठोंब एकत्र बांधून उभं करत होतो. दुलारीताई माझ्या पुढं होती. तिचे हात तेच करत होते जे तलावात केलं होतं, फक्त इथलं धान जड होतं. दिवसभरात तिनं एकदाही तलावाचं नाव काढलं नाही. एकदा मात्र कंबर सरळ करताना तिनं पाळीकडं पाहिलं. मामाजी पलीकडच्या बांधावर उभे होते. त्यांनी तिला तसं पाहताना पाहिलं.

पाऊस उघडला त्या सकाळी ती चहा न पिताच निघाली. मी मागून पळत गेले. तलाव चढला होता. जे आम्ही बांधलं नव्हतं ते सगळं झडून गेलं होतं, नुसत्या रिकाम्या काड्या उभ्या होत्या. बांधलेल्यातलं अर्धं पाण्याखाली गेलं होतं. उरलेल्या जुड्या मात्र तशाच होत्या, ओल्या, एकमेकींना धरून. कौसाबाईनं डोंगा जवळ घेतला. ताई एकेक जुडी टोपलीवर वाकवायची आणि काठीनं हळूच झोडायची. दाणे कुसळांसकट टोपलीत पडायचे. टोपली भरायला सकाळ गेली, आणि भरली तीही कुसळांनीच जास्त.

त्या दुपारी अंगणात ताई ते पाखडत होती. मामाजी शेतातून येऊन खाटेवर बसले होते, थकून. ताईनं काही लोंब्या काडीसकट आणल्या होत्या, त्या ती सुपावर झोडत होती. सगळ्या सुटत होत्या. एक सुटेना. तिनं पुन्हा झोडली, मग हातानं चोळली.

"ही काऊन झडून नाही राहिली?" ती स्वतःशीच बोलली.

मामाजी उठून आले. आमच्याशी बरेच दिवस धड बोलले नव्हते. त्यांनी तिच्या हातातून ती लोंब घेतली, उन्हात धरली, एक दाणा उपटून दातानं फोडला. मग तिच्याजवळ खाली बसले.

"दाना सोडत नाही हे. आपल्या धानाचा वारा लागला असंल याले." लोंब तळव्यावर ठेवत ते म्हणाले, "माही माय कापनीच्या आधी अख्ख्या वावरातून फिरायची. ज्या लोंबीनं एकही दाना टाकला नाही, तेवढीच खुडायची. ते बी. मले म्हने, जे धरून ठेवते तेच पुढच्या वर्षी पोसते."

मामाजींना आईविषयी बोलताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं. ती लोंब त्यांच्या मोठ्या, भेगाळलेल्या तळव्यावर होती. दुलारीताई ती बघत होती, आणि मी दोघांना बघत होते. मला वाटलं, जिला शोध म्हणतात ती गोष्ट इतकीच असेल. सगळं झडत असताना पूर्वी कधीतरी कोणा एका बाईच्या हातात न झडलेली एक लोंब राहिली. तिनं ती नीट पाहिली. आणि मग सगळ्यात अवघड गोष्ट केली. पोटात भूक असताना तिनं ते दाणे खाल्ले नाहीत, पुढच्या पावसासाठी ठेवून दिले. एकदा नाही, आयुष्यभर. तिच्या मुलींनी, नातींनीही तेच केलं. कित्येक पिढ्यांनंतर एक असं धान तयार झालं जे माणसाची वाट बघत उभं राहतं. त्या धानासाठी माणूसही एका जागी उभा राहिला. मग बांध आला, तलाव आला, पाण्याची वाटणी आली, वाटणीचे नियम आले. त्यातून गावं झाली. तिचं नाव कोणाला माहीत नाही, पण आपलं रोजचं ताट तिच्या त्या न खाल्लेल्या मुठीवर उभं आहे.

"पेरून पाहू का हे?" मामाजींनी विचारलं. डोळ्यांत किंचित हसू होतं.

"नको," ताई लगेच म्हणाली. "नांगराखाली गेलं का मले चालनार नाही."

मामाजी हसले. त्या महिन्यात पहिल्यांदा. लोंब त्यांनी तिच्या सुपात परत ठेवली.

मामाजी आता नाहीत. आम्ही दुकानामुळं फुलचूरला आलो. दुलारीताई गावातच आहे. कापणीला आता मोठं यंत्र येतं, दिवसभराचं काम तासाभरात करून जातं, आणि मी ते बघायला उभी राहते तेव्हा मला त्याचंही कौतुक वाटतं. पण आश्विन लागला की ताईचा फोन येतो, बांधायला येतेस का म्हणून. मी जाते. कौसाबाईचे गुडघे धरले आहेत, ती काठावर बसून बोलत राहते. त्या तलावाकडं पाहताना मला आणखी एक गोष्ट वाटत राहते. माणसं जंगल सोडून धानाच्या मागं आली, धानासाठी त्यांनी पाळ घातली, पाणी अडवलं. आणि त्या अडवलेल्या पाण्याच्या उथळ कडेला, कोणी न बोलावता, ते जुनं धानही मागोमाग येऊन राहिलं.

मामाजी होते तेव्हाचं अजून थोडं सांगायचं आहे. त्या पावसानंतरच्या श्रावणात ताईनं ते देवधान उखळात कांडलं. निम्मं तुटलं, तरी भांडंभर निघालं, लाल, खरखरीत. उपासाच्या दिवशी तिनं ते शिजवलं, म्हशीच्या दह्यासोबत मांडलं, आणि पिवळ्या मातीत बुडवलेली चिंधी मीनूच्या पाठीवर हळूच मारली. तसं मारलं की लेकरू सुखरूप राहतं म्हणतात. मीनू त्या वर्षी कॉलेजात जाणार होती, ती लाजली, पण पाठ वळवून उभी राहिली. शेजारच्या दोन-तीन बायका बघायला आल्या होत्या. त्यांनी आपली लेकरं पुढं केली. उपासाच्या आधीच त्या तांदळातून ताईनं एक पुरचुंडी बांधून भावजयीसाठी माहेरी पाठवली होती. त्या वर्षी ती उलट दिशेनं गेली.  गाठ मारल्यावर ताई बराच वेळ तिच्यावर हात ठेवून बसली होती.

मामाजींनी संध्याकाळी विचारलं, "माह्यासाठी ठेवलं का काई?" ताईनं वाटीत थोडा भात दिला. त्यांनी तो सावकाश चावून खाल्ला. "कडक आहे," म्हणाले. आणि वाटी पुसून घेतली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात तलावातला गाळ काढायचं ठरलं. मामाजींनाच त्याचा सगळ्यात आनंद झाला होता, कित्येक वर्षांपासून ते त्याच्या मागं होते. तलाव आटून भेगा पडल्या होत्या. मशीन दिवसभर चालायचं, ट्रॅक्टर गाळ भरून शेतांकडं जायचे, आणि मामाजी छत्री उघडून पाळीवर बसून असायचे. आम्ही दोघी त्यांना चहा घेऊन गेलो होतो तेव्हा मशीन तलावाच्या उथळ कोपऱ्याकडं वळलं. तिथं नुसत्या वाळलेल्या काड्या होत्या, आणि त्यांच्याखालच्या चिखलात झडलेले दाणे. दुलारीताई किटली हातात घेऊन थांबली. 

मामाजी उठले. छत्री तशीच उघडी धरून पाळीवरून खाली उतरले, आणि मशीनच्या पुढं जाऊन उभे राहिले.

"बाबाजी, हटिए ना," चालक म्हणाला. "बस यही कोना बाकी है."

"हा कोना राहू दे."

गावचे सरपंच मागून आले. "काऊन राहू द्यायचा, बाबा? इथं तं नुसतं गवत आहे."

मामाजींनी आमच्याकडं वळून पाहिलं नाही. त्यांनी छत्री मिटली आणि तिचं टोक त्या भेगाळलेल्या जमिनीत रोवलं.

"इथं बायकाइचं वावर आहे," ते म्हणाले.

चालकानं मशीन मागं घेतलं.